विमानातल्या पगाराने युरोपचा कायदा कसा बदलला?

१९५७ च्या रोम करारात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन देणारं कलम ११९ आलं. त्यामागे व्यापाराची चिंता होती: इतर देश स्त्रियांना कमी मजुरी देऊन माल स्वस्तात विकतील, ही फ्रान्सची भीती.

कलम बराच काळ कागदावरच राहिलं. बेल्जियमच्या सबेना कंपनीतील हवाई सुंदरी गॅब्रिएल डेफ्रेन यांनी कमी पगाराविरुद्ध दाद मागितली. १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं, हे कलम खासगी कंपनीलाही थेट लागू आहे.

२००० मध्ये नोकरीत वंश, धर्म, वय, अपंगत्व, लैंगिक कल यांवरून भेदभावालाही बंदी आली. पण धर्म किंवा वयामुळे घर भाड्याने नाकारलं तर? तिथे देशोदेशीचे कायदेच कामी येतात. ही फट बुजवणारा २००८ चा प्रस्ताव एकमताअभावी वर्षानुवर्षं रखडला.