ग्रे कापडाच्या पुढची पायरी : टॅक क्लॉथ

मालेगाव-भिवंडीचे आपले कित्येक मागवाले बंधू फक्त ग्रे कापड विकतात. पुढची प्रक्रिया दुसरा करतो, नफाही तोच नेतो. आम्हाला वाटते, यातून निघायला टॅक क्लॉथ म्हणजे चिकट पुसणी हा एक छोटा मार्ग आहे.

गाडीला रंग किंवा लाकडाला वॉर्निश मारण्यापूर्वी, पॉलिशपेपर घासून उरलेली बारीक धूळ ही पुसणी उचलते. विरळ विणीचे सुती कापड, त्यावर न वाळणाऱ्या चिकट राळेचा पातळ लेप आणि हवाबंद पाकीट, एवढाच हा माल. कापड तर आपल्याच मागावर निघू शकते.

मात्र हा धंदा टिकेल तो दर्जावर. लेप जाड झाला तर चिकटा रंगाखाली राहतो. सिलिकॉनचा अंश आला तर रंगात खड्डे पडतात. कडा उसवल्या तर धागेच रंगात अडकतात. म्हणून प्रत्येक खेपेतला एक तुकडा काचेवर पुसून उजेडात पाहावा, मगच पाकीट बंद करावे.

दुसरी गोष्ट आगीची. राळ पातळ करायला टोल्युइन वापरले तर त्याची वाफ चटकन पेट घेते. रुई उडणाऱ्या मागाच्या शेडमध्ये हे काम कदापि करू नये. जागा वेगळी व हवेशीर असावी. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक मिळाल्यास अधिक बरे.

सुरुवात गावातल्या गॅरेजपासून आणि फर्निचरवाल्यांपासून करावी. पेंटरने स्वतःहून दुसऱ्यांदा माल मागितला, की मगच उत्पादन वाढवावे, असे आमचे मत आहे.