आधी पाळणाघर बघा, मग फ्लॅट

मुंबईत वन-रूम-किचनमध्ये भाड्यानं राहणारे, घरात दोन-तीन वर्षांचं मूल असलेले, अकरा महिने संपत आले की घरमालकाच्या फोनची धास्ती घेणारे, आणि म्हणून आता बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार, तळोजा, उलवे, जिथं परवडेल तिथं जायचं असं ठरवून बसलेले जे आईबाबा आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जाऊ नका असं मी सांगणार नाही. अर्धा पगार भाड्यात घालवण्यापेक्षा लांब जाऊन दोन मोकळ्या खोल्या मिळवणं आणि मुलाला खेळायला खाली जागा मिळणं, यात काही कमीपणा नाही. पण जागा निवडताना सगळे जण पहिल्यांदा स्क्वेअर फुटाचा भाव विचारतात. तो तुम्ही शेवटी विचारा. संध्याकाळी सात वाजता आपल्या मुलाजवळ कोण असेल, हे पहिल्यांदा ठरवा.

लोकलनं सीएसएमटीपासून पनवेल ४९ किलोमीटर आहे, बदलापूर ६८, कर्जत १००. चर्चगेटहून विरार ६०. जाहिरातीत हे आकडे मिनिटांत सांगतात, आणि ती मिनिटं एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंतचीच असतात. बदलापूरहून फास्ट गाडीनंही सव्वा ते दीड तास जातो. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा धरा, रिक्षाची रांग धरा, पूल चढणं-उतरणं धरा, उतरल्यावर ऑफिसपर्यंतचं चालणं धरा, आणि गर्दीमुळे सोडून द्यावी लागलेली एक गाडी धरा. एका बाजूला दोन तास होतात. जाऊन-येऊन चार. महिन्याचे कामाचे दिवस बावीस धरले तर एका माणसाचे ८८ तास, आणि आईबाबा दोघंही जात असतील तर दोघांचे १७६. हे तास मुलाच्या वाट्याचे आहेत. मूल सकाळी झोपेत असताना निघायचं आणि रात्री ते पेंगुळल्यावर पोचायचं, असं पाच-सहा वर्षं चाललं तर वाचलेल्या पैशांतून ती वर्षं परत मिळत नाहीत.

म्हणून माझा आग्रह आहे की दोघांपैकी निदान एकाचं काम नव्या घरापासून पाऊण तासाच्या आत असावं. कुणाचं, ते तुम्ही ठरवा. आईचंच असलं पाहिजे असं काही नाही. बाबाची नोकरी ऐरोलीत किंवा महापेत असेल, तर मूल त्यानं आणावं, आणि घर ठाणे-वाशी-पनवेलच्या पट्ट्यात शोधावं. तिथं त्याच पैशांत खोली थोडी लहान मिळेल. मिळू दे. अंधेरीला सीप्झमध्ये काम करणाऱ्यानं घर स्वस्त पडतं म्हणून बदलापूरला जाऊ नये. मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायचं म्हणजे रोज दादर बदलायचं, नाहीतर घाटकोपरला उतरून मेट्रोच्या गर्दीत शिरायचं. त्याच्यासाठी नायगाव, वसई, विरार पुष्कळ बरं. दोघांच्या नोकऱ्या दोन वेगळ्या लाइनींवर असतील तर ज्याला मुलाला आणायचं आहे त्याची लाइन धरा आणि दुसऱ्यानं गाडी बदलण्याचा त्रास सोसावा. हे घर बघायला निघण्याआधी घरात बसून, दोघांनी मोकळेपणानं बोलून ठरवण्यासारखं आहे. पझेशन मिळाल्यावर ते ठरवायला गेलं की भांडणं होतात, आणि बहुतेक वेळा बायकोची नोकरी सुटते. मग ज्या दोन पगारांच्या भरवशावर कर्ज काढलेलं असतं, त्यातला एकच उरतो.

पाळणाघर आधी बघा म्हणते ते यासाठी. नव्या वस्तीत इमारती लवकर उभ्या राहतात, पण मूल विश्वासानं सोपवावं अशी माणसं मिळायला वेळ लागतो. घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या काकू साधारण सात-साडेसातपर्यंत मूल सांभाळतात. पावसात गाडी अडकली तर नऊपर्यंत ठेवतील का, हे त्यांना तोंडावर विचारा. अंगणवाडी कुठं आहे, लसीकरण कुठं होतं, रात्री अकराला मुलाला ताप चढला तर बालरोगतज्ज्ञ भेटतो की कल्याण-ठाणे गाठावं लागतं, हेही विचारा. एजंटला हे माहीत नसतं. तिथल्या मेडिकलवाल्याला माहीत असतं.

गर्दीबद्दलही थोडं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसं खाली पडली आणि त्यातल्या काहींचे जीव गेले. ती रोजच्या गाडीनं रोजच्या कामाला निघालेली माणसं होती. ज्या स्टेशनावरून तुम्हाला चढायचं आहे, तिथं कामाच्या दिवशी सकाळी पावणेआठला जाऊन उभे राहा. रविवारी दुपारी घर बघायला गेलात तर प्लॅटफॉर्म रिकामा दिसेल, आणि साइट दाखवायला बिल्डर नेहमी रविवारीच बोलावतो. सोमवारी सकाळी तिथून गाडीत चढून ऑफिसला पोचून दाखवा, संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत या. दोघांनीही.

दुसरी गोष्ट पाण्याची. विरार-बोळिंजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं विकली जात नव्हती. इमारती पक्क्या होत्या, कागद सरकारी होते, तरी लोक घेत नव्हते, आणि त्यामागचं एक मोठं कारण पाणी होतं. सूर्या धरणाचं पाणी त्या भागाकडे यायला लागल्यावर परिस्थिती सुधारू लागली. म्हाडाची ही गत होते, तर एखाद्या साध्या बिल्डरच्या इमारतीचं काय, याचा विचार करा. लहान मूल घरात असलं की पाणी दुप्पट लागतं. दुपटी, अंथरुणं, बाटल्या, दिवसातून दोनदा आंघोळ. तेव्हा घर बघायला शक्य तर मे महिन्यात जा. नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, आठवड्यातून कुठल्या दिवशी बंद असतं, हे इमारतीतल्या बायकांना विचारा. टँकर येतो का ते वॉचमनला विचारा. सोसायटी असेल तर गेल्या उन्हाळ्यातली मेंटेनन्सची बिलं दाखवा म्हणा. टँकरचा खर्च त्यात दिसतो. बोअरिंगचं पाणी असेल तर नळ सोडून हातावर घेऊन बघा, बादल्यांच्या कडेला पांढरा थर चढलाय का ते बघा.

हेच पाणी जुलैत उलट्या बाजूनं येतं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्याच पट्ट्यात नदीचं दर्शन घडवणाऱ्या गॅलरीचे फ्लॅट विकले जातात. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमची इमारत या रेषांच्या आत आहे का, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. आणि ज्यांचं नाव कागदावर नसतं अशी माणसंही सांगतात. तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, २००५ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, २०१९ मध्ये कुठवर. तो हातानं भिंतीवर दाखवतो.

म्हणून माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला असा की आधी तिथं भाड्यानं राहा. एक पूर्ण पावसाळा आणि एक मे महिना त्या भागात काढा, मग विकत घ्यायचं बघा. दोनदा सामान हलवावं लागतं, दुप्पट खर्च होतो, नातेवाईक म्हणतात भाडं म्हणजे पैसे पाण्यात. तरीही. आज ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता २६ हजारांच्या आसपास बसतो आणि वीस वर्षांत बँकेला साडेबासष्ट लाख जातात. एवढ्या मोठ्या बांधिलकीपुढे वर्षभराचं बदलापूरचं किंवा विरारचं भाडं फार नाही. न आवडलेलं भाड्याचं घर सोडता येतं. न आवडलेला फ्लॅट विकायला काढला की कळतं, शेजारी बिल्डरची नवीन इमारत उभी असताना आपला जुना कुणी घेत नाही.

भाड्यानं राहताना करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोटरीवर भागवू म्हणेल, ऐकू नका. मुलाच्या शाळेशी याचा थेट संबंध आहे. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात, आणि त्या देताना घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत आहे का, हे आधी बघतात. भाड्यानं राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो, आणि तोही अर्ज सुरू होण्याआधीचा. तुमचं मूल त्या गटात बसत असेल, तर घर कुठल्या गल्लीत घ्यायचं हे एका किलोमीटरच्या हिशेबानं ठरवणं शहाणपणाचं आहे. बसत नसेल तरी शाळा सुटायच्या वेळी दारात जाऊन उभे राहा. मुलं कशी बाहेर येतात, न्यायला आलेल्या माणसाची ओळख कुणी बघतं का, बघा. लहान मुलांना शौचालयात कोण नेतं, तिथं बाई असते का, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं जे प्रकरण घडलं त्यानंतर हा प्रश्न विचारताना कुठल्याही पालकानं संकोच करू नये.

आजी येऊन राहील, हे बऱ्याच घरांत गृहीत धरलेलं असतं. गावी शेत-परडं असलेली आजी लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर, ओळखीचं कुणी नसताना, दिवसभर नातवाला सांभाळत बसेल का? तिलाही विचारा. जागा बघायला तिला घेऊन जा, जिना चढायला लावा, खाली बसायला कट्टा आहे का ते तिला बघू द्या. ती नको म्हणाली तर तिचं ऐका.

मेट्रो येणार, कॉरिडॉर येणार, विमानतळ येणार, या बोलण्याला मी फार वेळ देणार नाही. काही गोष्टी खरंच येतात. नेरुळ-उरण रेल्वेचा पहिला टप्पा २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत सुरू झाला, पण गाडी उरणपर्यंत पोचायला २०२४ चा जानेवारी उजाडला. एवढ्या काळात मूल बालवाडीतून पाचवीत जातं. जे आज धावतंय तेवढंच हिशेबात धरा.

कागदांबाबत मात्र कुणाच्याही शब्दावर जाऊ नका. महारेरा १ मे २०१७ पासून लागू झाली तेव्हापासून लोकांना वाटतं की नोंदणी क्रमांक असला की झालं. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेची बनावट परवानगीपत्रं दाखवून रेराची नोंदणी मिळवली गेली होती. न्यायालयाचा पाडण्याचा आदेश आल्यावर कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर येण्याची वेळ आली. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या ४१ इमारती पाडल्या गेल्या. त्या घरांतही शाळेत जाणारी मुलं होती. तेव्हा रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प बघाच, पण बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेत किंवा नगरपालिकेत जा आणि ती त्यांच्या नोंदीत आहे का ते तपासा. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे, घरपट्टी अनधिकृत बांधकामाचीही घेतली जाते. वकील स्वतःचा करा, बिल्डरनं सुचवलेला नको. बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ, हेही धरून चालू नका.

जमलं तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेलं घर घ्या. त्यावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर ४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबई परिसरात ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या घराला एक टक्का, इतरांना पाच टक्के लागतो. निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ही सवलत मला पैशांपेक्षाही दुसऱ्या कारणानं मोलाची वाटते. लांब जायचं ठरलं की नोकरी, माहेर, मैत्रिणी यांतलं सगळ्यात जास्त बहुधा तीच सोडते. घर तिच्या नावावर असू द्या.

आणि पहिल्या भेटीत टोकन देऊ नका. "आज नाही दिलंत तर उद्या दुसरं गिऱ्हाईक आहे" हे वाक्य प्रत्येक साइट ऑफिसात ऐकू येतं. रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जे काही द्याल ते चेकनं द्या, पावतीवर फ्लॅटचा नंबर, कार्पेट एरिया आणि सौदा रद्द झाला तर किती पैसे, किती दिवसांत परत मिळतील हे लिहून घ्या. लिहून द्यायला तो नाही म्हणाला तर पर्स बंद करा आणि मुलाला घेऊन पुढची जागा बघायला निघा.