राजवाड्यातली सून

जॉन बर्नहॅम श्वार्ट्झ यांची ‘द कॉमनर’ (२००८) ही कादंबरी वाचून मन इतकं अस्वस्थ झालं, की या अंकात तिच्यावर सविस्तर लेख हवाच होता. साके गाळणाऱ्या घरातली हारुको जपानच्या युवराजाशी लग्न करते आणि सासू, दरबारी बायका, रीतिरिवाज यांच्या कचाट्यात तिची वाचाच जाते.

हे नुसतं कल्पित म्हणून बाजूला सारता येत नाही. १९५९ मध्ये जपानच्या राजघराण्यात सून म्हणून गेलेल्या मिचिको एका पीठ-उद्योजकाच्या कन्या. १९९३ मध्ये त्यांचा आवाज काही महिने खरोखरच गेला होता. त्याच वर्षी परराष्ट्र खात्यातली नोकरी सोडून मासाको त्यांच्या सून झाल्या, आणि वारस म्हणून मुलगाच हवा या अपेक्षेने त्यांनाही पिळून काढलं. कादंबरीतली हारुको मात्र आपल्या सुनेसाठी जे धाडस करते, ते मुळातूनच वाचा.