फोटो स्वच्छ आला हो!

रत्नागिरीच्या इतिहासात १८८६ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला येथे आणून ठेवले, आणि त्याच साली येथे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. राजाची कहाणी सांगायला आम्हांला फार आवडते. पाहुणा आला की त्याला आम्ही थिबा राजवाडा दाखवून आणतो. इस्पितळ मात्र कोणी दाखवीत नाही. त्याची आठवण आम्हांला होते ती फक्त थट्टेपुरती. कोकणात कोणी जरा वेडेवाकडे बोलला की लोक म्हणतात, "याला रत्नागिरीला पोचवा रे!" आणि आम्ही रत्नागिरीकर तर आधीच पोचलेले!

दिवाळीच्या दिवसांत, पुढ्यात फराळाचे ताट असताना, मी हा विषय काढावा याचा काही वाचकांना राग येईल. परंतु ज्या घरातला एखादा मुलगा, एखादी सून, एखादी आत्या पाहुणे आले की माजघरात दडून बसते, त्या घराला हा विषय दिवाळीतच अधिक टोचतो. असे घर आपल्या आळीत नाही, असे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकेल काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ छत्री सांभाळीत, बगलेत भला मोठा लिफाफा घेऊन आले. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता, तो ती सोडून घरी येऊन बसला होता. रात्र रात्र झोपत नसे. जेवणाच्या ताटाकडे संशयाने पाही. कोणी तरी आपल्याविषयी बोलते आहे, असे म्हणून कानांवर हात ठेवी. प्रथम गुरवाकडून देवाला कौल लावून झाला, मग कोणा जाणत्याच्या सांगण्यावरून नारळ झाला, कोंबडा झाला. अखेर कोणा शिकलेल्या पाहुण्याने सांगितले, "डोक्याचा फोटो काढा, एमआरआय. त्यात सगळे दिसते." लिफाफ्यातली ती काळी फिल्म त्यांनी माझ्या खिडकीच्या उजेडापुढे धरली आणि आनंदाने म्हणाले, "मास्तर, फोटो स्वच्छ आला हो! काही नाही त्याच्या डोक्यात. म्हणजे सगळी सोंगे! आता दाखवतो त्याला."

तो मुलगा माझ्या पडवीत बसून हे ऐकत होता. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला नेईपर्यंत पुढे आणखी पाच महिने गेले. ते पाच महिने त्या मुलाने सोंगाड्या म्हणून काढले.

माझे भांडण त्या बापाशी नाही. त्याने पोटाला चिमटा घेऊन पैसे उभे केले होते. माझे भांडण आहे ते, यंत्राला मनातले दिसते, अशी जी समजूत आपण सुशिक्षितांनीच पसरवून ठेवली आहे तिच्याशी.

या यंत्रांची थोरवी मी नाकारीत नाही. १८९५ साली रंटगेनने क्ष-किरण शोधले आणि माणसाला कातडीखालची हाडे दिसली. १९७१ साली हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे काप दाखवले. त्याला १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि एमआरआयच्या जनकांना २००३ साली. मेंदूतली गाठ, रक्तस्राव, क्षयाची बाधा, जंताच्या अळीने धरलेले ठाणे, हे सारे ही यंत्रे दाखवतात. अशा रोगांपायीही माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, म्हणून डॉक्टर कधी कधी फोटो काढायला सांगतात. तो काढावाच. परंतु तो फोटो 'दुसरे काही नाही ना' एवढे पाहण्यासाठी असतो. स्वच्छ फोटोचा अर्थ 'गाठ नाही' एवढाच. 'दुःख नाही' असा अर्थ त्यातून काढणे म्हणजे विहिरीत साप दिसला नाही म्हणून पाणी गोडे आहे असे ठरवणे होय.

"पण मास्तर, आता विचारसुद्धा रंगीत दिसतात ना?" असे कोणी विचारील. मासिकांतून ती चित्रे आपण पाहतो: करड्या मेंदूत लाल-पिवळे ठिपके, आणि खाली लिहिलेले, 'हे भय', 'हे प्रेम'. वस्तुतः १९९० च्या सुमारास सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने ज्या तत्त्वाचा पाया घातला, ते तत्त्व विचार टिपत नाही. ते रक्तातल्या प्राणवायूचा माग घेते. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त अधिक धावते, आणि तेही काही सेकंद उशिराने. चित्रातल्या एका बारीक ठिपक्यात लक्षावधी पेशी सामावलेल्या असतात. रंग तर मेंदूत नसतातच. गणिताने फरक काढल्यावर संगणक ते भरतो. गणित चुकले की चित्रही चुकते.

किती चुकते, याची एक मासल्याची गोष्ट सांगतो. २००९ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी बाजारातून आणलेला मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रे दाखवली आणि या माणसांना काय वाटत असेल, असा प्रश्नही विचारला. हिशेबात घ्यायची ती खबरदारी मुद्दाम गाळली, तेव्हा त्या मेलेल्या माशाच्या मेंदूत 'विचार' चालल्याचे ठिपके उमटले! आपल्या मिरकरवाडा बंदरावर ही गोष्ट सांगितली, तर मासळी विकणारी बाई म्हणेल, "मेला मासा ताजा कसा दाखवायचा हे आम्हांला ठाऊक होते, आता शास्त्रालाही जमले!" त्या संशोधकांना मात्र शास्त्राची टिंगल करायची नव्हती. आपल्या सोबत्यांना जागे करायचे होते. २०२० साली तर मेंदूच्या चित्रणाची एकच माहिती सत्तर निरनिराळ्या गटांना तपासायला दिली, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत.

मग मनोरुग्णाच्या मेंदूत काहीच वेगळे नसते काय? असते. १९७६ साली इंग्लंडात जुनाट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे सीटी चित्रण झाले, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या आढळल्या. यातला 'सरासरीने' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. समजा, दोन बागांतले हजार हजार आंबे तोलले आणि एका बागेचा आंबा सरासरीने थोडा जड निघाला. म्हणून हातातला एकच आंबा तोलून तो कोणत्या बागेचा, हे कोणी सांगील काय? रत्नागिरीचा बागाईतदार तरी सांगणार नाही. मेंदूच्या चित्रांचेही तसेच आहे. समूहातला फरक दिसतो, पण समोर बसलेल्या एका माणसाचे निदान त्यावरून करता येत नाही. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया यांचे निदान आजही डॉक्टर रुग्णाशी बोलून, घरच्यांना विचारून, काळजीपूर्वक ऐकूनच करतात.

नेमके हे ऐकणेच आपल्याला नको आहे. यंत्राने परस्पर निकाल द्यावा, अशी आपली इच्छा. तिचे टोक महाराष्ट्राने २००८ साली पाहिले. त्या साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जो निकाल दिला, त्यात आरोपीच्या मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. डोक्याला तारा लावायच्या, वाक्ये ऐकवायची आणि माणूस गप्प बसला तरी मेंदूकडून कबुली घ्यायची! त्यावर जगभर चर्चा झाली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संमतीवाचून अशी चाचणी कोणावरही लादता येणार नाही. आरोपीला जे संरक्षण मिळाले, ते घरातल्या आजारी मुलाला मात्र मिळत नाही. त्याचा शब्द खोटा आणि फिल्म खरी!

येथे काही सहृदय मंडळी माझ्याशी वाद घालतात. ती म्हणतात, "रंगीत चित्र दाखवले म्हणजे लोकांना पटते, की हा मेंदूचा आजार आहे, भुताटकी नव्हे. कलंक कमी होतो." हेतू चांगला आहे. परंतु ज्याची इभ्रत चित्रावर टांगली, त्याचे चित्र स्वच्छ आले तर त्याने कोठे जावे? आणि मनोरुग्णांपैकी बहुतेकांचे नेहमीचे चित्र स्वच्छच येते. कालपर्यंत कौल उजवा की डावा यावर त्याचे नशीब ठरत होते. आज फिल्म काळी की पांढरी यावर ठरते. गुरव गेला, यंत्र आले. त्या मुलाचे ऐकून घेणारा मात्र आलाच नाही.

शास्त्रज्ञांनी आपले संशोधन खुशाल करावे. उद्या त्यातून खरोखरीच औषधाची वाट सापडली तर पहिला पेढा मी वाटीन. पण आजचा रुग्ण उद्याच्या यंत्रासाठी थांबू शकत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले, की या देशात दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला काही ना काही मानसिक आजार आहे, आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. २०१७ च्या कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क राजापूरच्या, गुहागरच्या, मंडणगडच्या माणसाला एसटीच्या अंतरात मिळाला पाहिजे. तालुक्याच्या इस्पितळात ठरल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ यावा, गोळ्या न चुकता मिळाव्या, आणि गोळ्या सुटल्या तर चौकशीला कोणी दारापर्यंत जावे. आपण मागणी करायची ती याची. आणि रात्री-अपरात्री घर गांगरून गेले, तर १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. २०२२ पासून तो चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्या मुलाला आता बरे आहे. पुरते बरे नाही, पण झोप लागते. परवा त्याचे वडील पुन्हा आले, या वेळी बगलेत लिफाफा नव्हता. जरा वेळ गप्प बसून म्हणाले, "मास्तर, तो मला सगळे सांगत होता हो, पहिल्या दिवसापासून. मीच फोटो मागत बसलो."

या दिवाळीत तुमच्या माजघरात कोणी दडून बसले असेल, तर त्याला पडवीत बोलवा. करंजीची बशी पुढे करा आणि तो जे सांगेल ते ऐका.