एकस्व आणि खुला बाजार

‘खुला बाजार’ हा शब्द आज इतका सर्रास वापरला जातो की, तो उच्चारला म्हणजे पुढे विचार करण्याची गरजच उरली नाही असे अनेकांना वाटते. सरकारने धंद्यात लुडबूड करू नये, ज्याचा माल सरस त्याचा खपावा, हे तत्त्व ऐकायला गोड आहे. परंतु या तत्त्वाचे पुरस्कर्ते म्हणवणारेच जेव्हा संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर पेटंट मागू लागतात, तेव्हा नवल वाटल्यावाचून राहत नाही. कारण पेटंट ही सरकारने दिलेली सनद असते. मराठीत तिला ‘एकस्व’ म्हणतात, आणि त्या शब्दातच सारे आले. वीस वर्षे ती युक्ती एकट्याची. दुसऱ्याने ती स्वतःच्या डोक्याने शोधली, तरी परवानगीवाचून त्याला ती वापरता येत नाही. खुल्या बाजाराचे कट्टर समर्थक अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनीही या मक्तेदारीविषयी शंका घेतली होती, हे येथे लक्षात ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, संशोधकाला त्याच्या श्रमाचे फळ नको काय? अवश्य हवे. पण ते फळ त्याला आजही मिळते. आज्ञावली ही कायद्याने साहित्यकृतीसारखी मानली जाते व तिला कॉपीराइटचे संरक्षण आहे. कादंबरीची नक्कल करणारा गुन्हेगार ठरतो, हे योग्यच. पण ‘ताटातूट झालेल्या भावांची भेट’ या कल्पनेवरच एखाद्या लेखकाला एकस्व दिले, तर पुढच्या वीस वर्षांत किती कथा लिहिल्या जातील? आज्ञावलीत अशा शेकडो लहान लहान कल्पना एकमेकींत गुंफलेल्या असतात. प्रत्येकीचा मालक निराळा असेल, तर नवी आज्ञावली लिहिणाऱ्याने पाऊल टाकावे तरी कोठे?

ही भीती काल्पनिक नाही. एकदाच बटण दाबून वस्तू मागवण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीला १९९९ मध्ये पेटंट मिळाले. त्याच वर्षी तिने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचले व मनाईहुकूम मिळवला. तो पुढे वरच्या न्यायालयात टिकला नाही. पेटंट मात्र २०१७ पर्यंत राहिले. चांगला दुकानदार जे सहज करील, त्यावर मालकी सांगण्याला स्पर्धा म्हणायचे काय?

चित्रपटाच्या क्षेत्रात हा खेळ शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. एडिसन व इतर कंपन्यांनी १९०८ मध्ये आपली पेटंटे एकत्र करून संघ उभारला. त्यांना पैसे भरल्यावाचून चित्रपट काढणे वा दाखवणे अवघड झाले. स्वतंत्र निर्माते दूर कॅलिफोर्नियाकडे सरकले, त्याचे हेही एक कारण सांगितले जाते. १९१५ मध्ये न्यायालयाने हा संघ बेकायदा ठरवला. प्रक्षेपणयंत्राच्या पेटंटाच्या जोरावर त्यावर कोणता चित्रपट दाखवायचा हे ठरवता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये दिला.

त्याच सुमारास आपल्या कोल्हापुरात काय घडत होते? आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू स्वतः कॅमेरा घडवण्याच्या खटपटीत होते. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी काम पुरे केले, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कॅमेरा ही कल्पना बाबूरावांची नव्हती, पण तो हाताने घडवण्याची जिद्द त्यांची होती. त्यातील प्रत्येक चाकावर हक्क सांगणारा वकील त्यांच्या दाराशी उभा राहिला असता, तर कलापूरचा इतिहास काय झाला असता? आपल्या उद्यमनगरातील कारागिरीही पाहून, खोलून, दुरुस्त करून शिकण्यातूनच वाढली.

सुदैवाने आपल्या पेटंट कायद्याने, म्हणजे १९७० च्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३(के) ने, गणिती पद्धत, व्यापाराची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक आज्ञावली यांना पेटंट नाकारले आहे. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने ही अट सैल केली होती. २००५ मध्ये संसदेने ती सवलत गाळली. तरी सारा वाद त्या ‘निव्वळ’ या एका शब्दावर येऊन थांबतो. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या यंत्रभागाची अट होती, ती २०१७ मध्ये निघाली. आज्ञावलीने ‘तांत्रिक परिणाम’ साधला असेल तर पेटंटाचा विचार व्हावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. दार बंद आहे, पण फट रुंदावत आहे.

लहान संशोधकाला पेटंट हीच ढाल, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. प्रत्यक्षात ढाल पेलण्यासाठी वकिलाची फी लागते. मोठ्या कंपन्यांजवळ हजारो पेटंटे असतात व त्या आपसांत देवघेव करतात. मधल्यामध्ये भरडला जातो तो राजारामपुरीतल्या एका खोलीत दोन मित्रांसह आज्ञावली लिहिणारा तरुण.

हा प्रश्न विज्ञान किंवा वाणिज्य शाखेचा म्हणून कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी दूर सारू नये. विचारावर मालकी सांगता येते काय, हा मुळात आपलाच प्रश्न आहे. बाजार खुला हवा असेल तर आधी विचार खुला हवा. कलम ३(के) मधील तो एक शब्द पातळ होऊ न देणे, हे त्यासाठी आपण मागावयाचे किमान आहे.