टांक, शाई आणि कागद

चित्रकथा वाचणारें मूल एके दिवशीं स्वतःच चित्रकथा काढावयास बसतें, हें आतां अनेक घरांत घडूं लागलें आहे. पेन्सिलीनें चौकटी आंखल्या जातात, त्यांत माणसें उभीं राहतात आणि मग त्या रेषांवर शाई फिरविण्याची वेळ येते. येथपर्यंत सारें आनंदाचें असतें. पुढें काय होतें, तें आम्हीं शाळेंत असतांना व आतां हातकणंगल्यास शेजारच्या घरांतही वारंवार पाहिलें आहे. मूल वहीचा पातळ कागद घेतें, वडिलांचें फाउंटनपेन घेतें, शाई कागदावर पसरते, रेषेला पाय फुटतात, रबर लावतांच सगळें काळवंडतें, आणि मूल खिन्न होऊन म्हणतें, “माझा हातच वाईट.” दुःखाची गोष्ट ही, कीं घरांतील वडील मंडळीही तें खरें मानतात. वास्तविक अशा वेळीं दोष बहुधा हाताचा नसून साहित्याचा असतो. म्हणून या महिन्यांत साहित्याच्या निवडीसंबंधानें चार शब्द लिहीत आहों.

प्रथम, शाई फिरवावयाचीच कशाला? पूर्वी रेषाचित्रें जस्ताच्या ठशांवरून छापीत. त्यांत काळें किंवा पांढरें एवढेंच उमटे. पेन्सिलीची करडी छटा उमटत नसे. आज छपाईचीं यंत्रें बदललीं, तरी स्वच्छ काळ्या रेषेची सोय कायम आहे. अमेरिकेंतील पुष्कळ चित्रकथांत पेन्सिलीचें काम एकाचें व शाईचें दुसऱ्याचें असतें, इतकें तें स्वतंत्र कौशल्य मानलें गेलें. आपल्याकडे १९६७ सालीं अनंत पै यांनीं ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनीं तींतील देव, राजे व राक्षस रेषेनेंच घरोघरीं पोंचविले. त्याच्याही पूर्वी, १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ काढणारे शंकरराव किर्लोस्कर आपल्या मासिकासाठीं स्वतः व्यंगचित्रें काढीत. तेव्हां ही विद्या आपल्या प्रांतास परकी नाहीं.

आतां खरेदीकडे वळूं. पैसे बेताचे असतील, तर ते आधीं कागदावर खर्चावे. आमच्याच तालुक्यांत इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हांपासून तेथील माणसांस खळीचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. ताण्याच्या सुताला खळ दिली नाहीं, तर तें मागावर पिंजतें. कागदाचेंही तसेंच आहे. ज्याला खळ कमी, तो शाई पितो व ती आडवी पसरवितो. टांकाचें टोंक त्याच्या तंतूंत अडकतें व शिंतोडे उडतात. म्हणून कागद जाड, घट्ट आणि गुळगुळीत असावा. चौरस मीटरला २०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाचा, ‘ब्रिस्टल’ नांवाचा कागद या कामीं उत्तम. जलरंगाचा खरबरीत कागद महाग असला तरी येथें उपयोगाचा नाहीं.

दुसरी शाई. आपले पोथीलेखक काजळ आणि डिंक खलून मषी करीत. तिचीं अक्षरें शेंकडों वर्षांनींही काळींच दिसतात, कारण काजळ म्हणजे कार्बन, आणि तो उन्हानें विटत नाहीं. चित्रकथेची शाईही अशीच कार्बनाची व वाळल्यावर पाण्यानें न विरघळणारी घ्यावी. दिगंबर व गोविंद दांडेकर या बंधूंनीं १९३१ सालीं मुंबईस शाईच्या धंद्यास आरंभ केला, त्यांतूनच पुढें ‘कॅमल’ हें नांव निघालें. त्या नांवाची काळी ड्रॉइंग इंक आरंभास पुरेशी आहे. मात्र ही शाई फाउंटनपेनांत कदापि भरूं नये. ती आंत वाळून पेन कायमचें बाद होतें.

तिसरा टांक. एक लांकडी दांडी आणि तींत बसणारे लवचिक पोलादी टांक तीन-चार घ्यावे. टांकावर दाब दिला कीं त्याच्या दोन जिभा विलग होऊन रेषा जाड होते. दाब काढला कीं बारीक होते. चित्रांतील जीव या फरकांतच असतो. नव्या टांकावर गंज न चढावा म्हणून तेलाचा पातळ थर असतो. साबणाच्या कोमट पाण्यानें तो धुऊन काढल्याशिवाय शाई टिकत नाहीं, ओघळते. टांक त्याच्या छिद्रापर्यंतच बुडवावा, दर थोड्या वेळानें फडक्यानें पुसावा, आणि झिजला म्हणजे खेद न करतां टाकून द्यावा.

चौथा कुंचला, क्रमांक दोनचा, गोल. विकत घेतांना पाण्यांत भिजवून झटकून पाहावा. केंस आपोआप एका टोंकाशीं जुळले तरच तो घ्यावा. शाई पत्र्याच्या बांधापर्यंत चढूं देऊं नये व काम होतांच थंड पाण्यानें साबण लावून धुवावा. याखेरीज एक मऊ रबर, चुका झांकण्यास पांढरा पोस्टर रंग आणि एक पट्टी. पट्टीखालीं कडेपासून आंत दोन-तीन नाणीं चिकटविलीं, तर कड कागदापासून उचललेली राहते व शाई खालीं झिरपत नाहीं.

वीस पेनांची झगझगीत पेटी काकांनीं कौतुकानें आणली, तरी ती पहिल्या वर्षीं फडताळांतच असूं द्यावी. तीं पेनें एकाच जाडीची रेषा काढतात. चौकटींस व अक्षरांस तीं ठीक, पण हात त्यांनीं तयार होत नाहीं. हल्लीं पडद्यावरही शाईचें काम करतात. तेथें चूक एका खुणेनें पुसली जाते, कागदावर ती पुसली जात नाहीं. म्हणूनच कागद सावधपणा शिकवितो.

चित्रकथा म्हणजे वेळेचा अपव्यय, असें मानणाऱ्या आजोबांस आमची विनंति एवढीच, कीं नातू अर्धा तास श्वास आंवरून एक रेषा काढीत असतां त्याच्याकडे एकदां पाहावें. पुढील खेपेस कोल्हापुरास जाणें होईल तेव्हां त्याला बरोबर न्यावें, दुकानदाराकडून कागदाचा एक तुकडा मागून घ्यावा, आणि पसंती त्याच्या हातालाच करूं द्यावी.