ओळखीचा नवा गावगाडा

आमचा एक दोस्त वायरिंगची कामं घेतो. लायसन आहे, हाताखाली चार पोरं आहेत, काम चोख. धंदा वाढवायचा म्हणून तो धंदेवाल्यांच्या एका क्लबात गेला. सकाळी सातला एसी हॉटेलात नाश्ता, छातीवर बिल्ला, प्रत्येकाला बोलायला एक मिनिट, मग कार्डांची देवाणघेवाण. वर्गणी वर्षाची, तीही आगाऊ. उरलेला दिवस व्हॉट्सॲपचा ग्रुप. वर्षभर यानं नेमानं हजेरी लावली, दुसऱ्यांना गिऱ्हाईकं दिली. याला काय मिळालं? नमस्कार. शेवटी एक सभासद बाजूला घेऊन म्हणाला, 'राग मानू नका, पण तुमच्या डीपीवर बाबासाहेबांचा फोटो आहे ना, तो काढा. लोक उगाच बिचकतात.'

बिचकतात! शॉर्टसर्किटला बिचकत नाहीत, फोटोला बिचकतात.

दोस्तांनो, ते याला नेटवर्किंग म्हणतात. आम्ही याला गावगाडा म्हणतो. तिथं कुणाचं काम कुणाकडे जायचं हे जन्मानं ठरायचं, इथं आडनावानं ठरतं. पहिला प्रश्न, 'काय करता?' दुसरा, 'मूळ गाव कोणतं?' तिसरा कुणी विचारत नाही, तोवर त्यांना कळलेलं असतं. 'माझ्या ओळखीतला माणूस आहे', या वाक्यात सगळी मेख आहे. ओळख होते कुठं? लग्नात, मुंजीत, सोसायटीत, क्लासात. तिथं आपण कधी होतो? मग ओळख काय आभाळातून पडणार? त्यांची ओळख म्हणजे लायकी, आपली ओळख म्हणजे जात!

हे आजचं नाही. बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आले. बडोद्याची नोकरी सोडावी लागली, १९१७ साली मुंबईला परतले. पुढं पोटासाठी शेअर-रोख्यांचा सल्ला देणारी पेढी काढली. गिऱ्हाईकं येऊ लागली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईकं तुटली. सल्ला तोच, आकडे तेच. बाटलं काय?

कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं. सवर्ण फिरकेना. तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. शाहूराजाला आमचा सलाम. पण हिशेब मांडा : एक कप चहा खपायला अख्खा राजा लागला!

आज राजा नाही, राज्यघटना आहे. २०१२ सालच्या धोरणानं केंद्राच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना सांगितलं की खरेदीतले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्या. पहिली कित्येक वर्षं ही खरेदी १ टक्क्याच्या आतच लोळत राहिली. विचारलं तर म्हणतात, पुरवठादार मिळत नाहीत. मिळतील कसे? टेंडरची कुणकुणसुद्धा ओळखीतच लागते.

मग काही जण म्हणतात, आपलाही क्लब काढू. काढा की! २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर निघालं, बंद दारं ठोठावली, बरं झालं. पण आपले चार कोट्यधीश मंत्र्याशेजारी फोटोत उभे राहिले म्हणजे जात मेली असं कुणी सांगू नये. आपला मालक सफाईवाल्या बाईची मजुरी बुडवत असेल तर तो आपला कसला? तो फक्त मालक.

आणि आपण तरी काय करतो? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. बिल्ला नाही, नाश्ता नाही. पुस्तकं हातोहात खपतात. एवढं मोठं जाळं कुठल्या क्लबाच्या बापाकडे आहे? पण जयंतीचा मंडप, लायटिंग, साउंड, छपाई कुणाकडे जाते? खिसा आपला, गल्ला त्यांचा. आपल्या माणसाकडे गेलो की आधी जयभीम घालायचा, मग उधारी मागायची. जयभीम म्हणजे काय डिस्काउंटचं कूपन आहे?

म्हणून विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास धंद्याला द्या. वायरमन, प्लंबर, शिवणकामवाल्या, डबे देणाऱ्या बाया, सगळ्यांची यादी भिंतीवर लावा. टेंडरच्या नोटिसा मोठ्यानं वाचा. २००५ चा माहिती अधिकार आहे, कचेरीत अर्ज टाका : ४ टक्क्यांतलं कुणाला किती दिलं? नावं द्या! काम आपल्याला द्या, पैसे रोख द्या. आणि काम वाईट झालं तर तोंडावर सांगा, भावकी म्हणून झाकू नका.

दोस्तानं फोटो काढला नाही. क्लब सोडला, वर्गणी बुडाली. येत्या जयंतीचं लायटिंग कुणाला द्यायचं, ते आता वस्तीनं ठरवायचं आहे. क्लबानं त्याची लायकी ठरवली. आपण काय ठरवणार?

जयभीम.